गावच्या झेडपी शाळेला मदत करायचीय? आधी यादी मागा, मग पाकीट काढा

सुरुवात आमच्याच फजितीपासून करते म्हणजे तुमची तरी होणार नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही ऑफिसातले नऊ जण, नुकताच बोनस झालेला, कुणीतरी म्हणालं चला यंदा झेडपीच्या शाळेत दप्तरं वाटू, झालं, कुणी काही विचारलं नाही, बघितलं नाही, ६० दप्तरं घेतली, टेम्पो केला आणि रविवारी नको म्हणून शनिवारी सकाळी हाफ डे टाकून गेलो. मुलांना ओळीत बसवलेलं, टाळ्या, फोटो. दुसरीतली एक पोर दप्तर घेऊन माझ्याकडे बघत म्हणाली, "मावशी, हे पण आमचंच का?" मला कळेना हे "पण" कुठून आलं. मग कळलं की जूनमध्ये एका बँकेनं दप्तरं दिलेली, ऑगस्टमध्ये एका नेत्याच्या वाढदिवसाला परत दिलेली, आमचं तिसरं. पहिल्या दप्तरात तिची आई कांदे ठेवायची.

नंतर वर्गात चहा घेताना फळ्याकडे लक्ष गेलं. बाई लिहीत होत्या त्या खडूचा एवढासा तुकडा उरलेला, नखाएवढा, तो त्यांनी वाळलेल्या स्केच पेनच्या टोपणात खोचला होता आणि टोपण धरून लिहीत होत्या. टेबलाच्या खणात अशी चार टोपणं. म्हणजे ज्या शाळेत आम्ही हजारो रुपयांची तिसरी दप्तरं घेऊन गेलो तिथं खडू पुरवून पुरवून वापरत होते. आणि कुणी आम्हाला सांगितलं नाही, कारण आम्ही विचारलंच नव्हतं, आणि फुकट आलेल्या वस्तूला नाही म्हणायची हिंमत कुठल्या बाईंना होणार?

तर हे सगळं त्यानंतर चुकत चुकत शिकलेलं आहे. नवीन असाल तर असं करा.

पहिलं काम: शाळेला आधीच काय मिळतं ते माहीत करून घ्या

सरकारी शाळा म्हणजे काहीच मिळत नाही असा आपला समज असतो, तसं नाहीये. आठवीपर्यंत बालभारतीची पुस्तकं फुकट मिळतात, गणवेशाची योजना आहे, दुपारचं जेवण आहे. २०२३-२४ मध्ये तर पुस्तकातच वहीची कोरी पानं जोडून आली होती. मुंबई महापालिकेच्या शाळेत जाणार असाल तर अजूनच जपून, तिथं मुलांना दप्तर, वह्या, बूट वगैरे धरून २७ वस्तू महापालिकाच देते (वेळेवर येतात का हा वेगळा विषय, पण येतात).

अडतं कुठं, तर शाळा चालवायच्या खर्चात. त्यासाठी समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला संयुक्त शाळा अनुदान असतं आणि ते पटावर ठरतं. पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला १० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार, २५१ ते १००० ला ७५ हजार आणि त्याच्या वर १ लाख. आता वाडीवस्तीवरची २८ मुलांची द्विशिक्षकी शाळा डोळ्यासमोर आणा, तिला वर्षाचे १० हजार, त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी राखायचा, उरलेल्यात लाईट बिल, किरकोळ दुरुस्ती, रजिस्टरं, खडू, प्रिंटरची शाई, पाण्याच्या टाकीचा फुटलेला नळ, २६ जानेवारीचा खाऊ, सगळं. आणि हे पैसे जूनमध्ये शाळा उघडताना हातात असतील असंही नाही. तोपर्यंत गुरुजी आणि बाई स्वतःच्या खिशातून भागवतात आणि नंतर ते पैसे मागायलाही त्यांना लाज वाटते. तुमचे पैसे नेमके या फटीत जायला हवेत.

दुसरं: एकच शाळा निवडा

पाच शाळांना थोडं थोडं देण्यापेक्षा एक शाळा धरा आणि तीन वर्षं सोडू नका. कुठली, तर जिथं तुमचं जाणंयेणं आहे ती. आपण शिकलो ती, आजोळची, नाहीतर कामवाल्या ताईंची मुलं जातात ती. कोकणातल्या लोकांना हे नवीन नाही, मुंबईत ग्रामस्थ मंडळ काढून गावच्या शाळेला पत्रे, बाकं पाठवायची पद्धत जुनीच आहे. फक्त चाकरमान्यांना एक सांगणं, गणपतीत गेलात तर शाळेला सुट्टी असते. कुलूप बघून परत याल.

शाळा डोक्यात नसेल तर आणखी एक रस्ता आहे, त्या भागातल्या केंद्रप्रमुखांना विचारा. आठदहा शाळा मिळून एक केंद्र असतं आणि कुठल्या शाळेत काय नाही हे त्यांना तोंडपाठ असतं. रस्त्यालगतच्या शाळा सोडून आतल्या सांगा म्हणावं, कारण हायवेच्या कडेला दिसणाऱ्या शाळेत प्रत्येक क्लब आणि प्रत्येक कंपनी थांबते, तीन किलोमीटर आत कुणी जात नाही.

नाव कळलं की शाळेचा यूडायस कोड, म्हणजे सरकारनं प्रत्येक शाळेला दिलेला नंबर, घ्या. ११ आकडी असतो, महाराष्ट्रातल्या शाळेचा २७ ने सुरू होतो. तो टाकून सरकारच्या 'नो युवर स्कूल' पोर्टलवर पट, शिक्षक, वर्गखोल्या, वीज आहे का, हे बघता येतं. आकडे थोडे जुने असतात पण फसवाफसवी टाळायला बरं. एकाच नावाच्या वाडीवर दोन शाळा असतात आणि सामान भलत्याच शाळेत उतरतं, असंही झालंय.

तिसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: यादी

फोन करून "काय पाहिजे?" असं विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं, "तुम्ही द्याल ते." नाहीतर एकदम प्रोजेक्टर. कारण त्यांना वाटतं मोठं मागितलं तर निम्मं तरी मिळेल, आणि आधी आलेल्या प्रत्येकानं मोठंच दिलंय कारण मोठ्या वस्तूवर नाव लिहिता येतं. खडूच्या बॉक्सवर "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" कोण लिहिणार?

म्हणून एक दिवस काढून शाळेत जा, रिकाम्या हातानं जा, आणि विचारायचं असेल तर असं विचारा की गेल्या महिन्यात तुम्ही खिशातून काय आणलं? झेरॉक्सला किती गेले? कुठली वस्तू डिसेंबरात संपते? पाऊस आला की मुलं कुठं बसतात? या प्रश्नांना खरी उत्तरं येतात. कपाट उघडून दाखवा म्हटलं तर बहुतेक बाई खुशीनं दाखवतात, मग तुमच्याच लक्षात येतं की तीन टॅब आहेत पण चार्जिंगला पिन नाही, विज्ञानाची पेटी सीलबंद पडलीय आणि चार्ट पेपर एकही नाही.

वह्यांच्या बाबतीत तर नीट लिहूनच घ्या. पहिलीला चौकडी वही लागते, मराठीला दुरेघी का एकरेघी ते बाईंवर असतं, इंग्रजीला चाररेघी, पाचवीपासून पुढं २०० पानी चालतात पण पहिलीतल्या पोराला २०० पानी वही दिली की ती दिवाळीपर्यंत फाटते, त्याला १०० पानीच हवी. मी एका वर्षी सरसकट एकरेघी २०० पानी घेऊन गेले होते, स्वस्त पडल्या म्हणून. पहिलीच्या बाईंनी आभार मानले आणि नंतर महिनाभर स्वतः पट्टीनं चौकटी आखल्या, हे मला पुढच्या वर्षी कळलं.

अंदाज यावा म्हणून आमच्या २८ पटाच्या शाळेचं गेल्या वर्षीचं बिल सांगते. प्रत्येकी ६ म्हणजे १६८ वह्या ३,६९६ रुपये, पेन्सिल-खोडरबर-शार्पनर ११००, पाच बस्करपट्ट्या २२५०, चार्ट पेपर-स्केच पेन-फेविकॉल असं मिळून १६५०, ए-फोरच्या चार रिम ११२०, प्रिंटरची शाई ७००. एकूण १०,५१६. म्हणजे शाळेच्या वर्षाच्या अनुदानाएवढीच रक्कम, नऊ जणांत वाटली तर माणशी १२००च्या आत, आपण एका रविवारी बाहेर जेवलो की जातात तेवढे. खडू या बिलात नाहीत कारण खडू मी स्वतःच्या पैशानं नेते, ते माझं प्रायश्चित्त समजा.

चौथं: पैसे कुणाला द्यायचे

गुरुजींच्या जीपेवर नाही. कितीही भला माणूस असला तरी नाही. ते सरकारी नोकर आहेत, उद्या गावात कुणाचं बिनसलं आणि तक्रार गेली तर तुमच्या ५ हजारांपायी त्यांच्यामागं चौकशी लागते. शिवाय त्यांची बदली होते आणि तुमचा सगळा व्यवहार त्यांच्या फोनमधून दुसऱ्या तालुक्यात जातो.

योग्य माणूस म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ खाली ही समिती असते, तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या बायका असाव्या लागतात, आणि सरकारकडून असो की आणखी कुठून, आलेला पैसा नीट खर्च होतो का ते बघणं हे तिचं कामच आहे. अध्यक्ष पालकांपैकी, सचिव मुख्याध्यापक. समितीचं बँक खातं दोघांच्या सहीनं चालतं. एक बारकावा, सरकारी अनुदानाचा हिशोब वेगळ्या खात्यात असतो, म्हणून "लोकसहभागाचे पैसे कुठल्या खात्यात घेता?" असं स्पष्ट विचारा आणि पासबुकच्या पहिल्या पानाचा फोटो मागवा. खात्याचं नाव शाळेचं किंवा समितीचं असलं पाहिजे, माणसाचं नाही.

पण माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी पैसे देऊच नका, वस्तू द्या. विश्वास नाही म्हणून नाही हो, पैसे आले की समितीची मीटिंग, ठराव, तीन दुकानांची कोटेशनं, चेक, त्यावर दोन सह्या, अध्यक्ष ऊसतोडीला गेलेले, असं करत जूनची वही सप्टेंबरात येते. वस्तू मात्र एका दिवसात वर्गात.

ज्यांना ओळखपाळख नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारचं विद्यांजली पोर्टल आहे, २०२१ पासून नव्या रूपात चालू आहे. शाळा तिथं आपली गरज टाकते, आपण मोबाईल नंबरनं नोंदणी करून "हे मी देतो" म्हणायचं, शाळेनं होकार दिला की वस्तू पोचवायची. पैशाचा कारभार तिथं नाही, वस्तू किंवा वेळ द्यायचा, म्हणजे इंग्रजी शिकवणं, चित्रकला वगैरे. बऱ्याच शाळांनी एकदाच काहीतरी टाकून सोडून दिलेलं असतं, त्यामुळं पोर्टलवर बघून थेट फोन करा, ती गरज अजून आहे का विचारा.

पाचवं: खरेदी

पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौक, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या मागं अब्दुल रहमान स्ट्रीट. पण मी आता तालुक्याच्या गावातल्या दुकानातूनच घेते. दोनचार रुपये जास्त जातात, पण टेम्पोचं भाडं वाचतं आणि माल खराब निघाला तर बाई स्वतः जाऊन बदलून आणतात. दुकानदाराला शाळेचं नाव सांगा, डझनाचा भाव मागा, पक्कं बिल शाळेच्या नावानं घ्या. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनर, क्रेयॉन, नकाशे यांच्यावरचा जीएसटी शून्य झालाय, बिलात जुनाच टॅक्स लावलेला दिसला तर हसत हसत बोट ठेवा.

बस्करपट्टी हातात धरून बघा. पातळ असली की पावसाळ्यात फरशीची ओल वर येते आणि पोरांच्या चड्ड्या ओल्या. दुकानदार "चांगलीय" म्हणेल, तुम्ही दुमडून जाडी बघा. खडू धूळ न उडणारे घ्या, साधे स्वस्त असतात पण पहिल्या बाकावरची मुलं दिवसभर खोकतात.

गोष्टीची पुस्तकं घेणार असाल तर आपल्या घरातली रद्दी उपसू नका प्लीज. अर्ध्या शाळांच्या कपाटात एमपीएससीचे जुने गाइड आणि इंग्रजी कादंबऱ्या पडल्यात, पहिली ते चौथीच्या शाळेत! मोठ्या अक्षरातली, चित्रांची, पातळ मराठी पुस्तकं घ्या, आणि ती कपाटात न ठेवता दोरीवर टांगा असं बाईंना सांगा. त्यांना माहीत असतंच पण देणारा म्हणाला की फाटण्याची भीती जाते. नाहीतर डेड स्टॉकला, म्हणजे शाळेच्या कायमच्या सामानाच्या रजिस्टरला, नोंद झालेलं पुस्तक फाटलं तर जबाब कोण देणार म्हणून ते कुलपातच राहतं. मी सरळ पत्रात लिहून देते की ही पुस्तकं वापरून फाटण्यासाठी दिलीत.

सहावं: पावती आणि टॅक्स

वस्तू दिल्या की शाळेच्या लेटरहेडवर, शिक्क्यासकट, वस्तूंची यादी असलेली पोचपावती मागा आणि साठा रजिस्टरला नोंद करायला सांगा. यात कुणाचा अपमान नाही, उलट मुख्याध्यापकांना तपासणीत दाखवायला ते बरं पडतं.

टॅक्सचं बोलायचं तर आशा ठेवू नका. वस्तूंवर ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत मिळत नाहीच, २ हजारांच्या वर रोख दिले तरी नाही, आणि नव्या टॅक्स पद्धतीत असाल तर विषयच मिटला. जुन्या पद्धतीत असाल आणि सवलत हवीच असेल तर ८०जीची नोंदणी असलेल्या ट्रस्टला बँकेतून द्या, त्यांनी ते शाळेसाठी खर्चावं. कंपनीचा सीएसआर असेल तर ती वेगळी वाट, तिथं पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत पत्रव्यवहार होतो, आपल्यासारख्या नऊ जणांनी त्यात पडायचं कारण नाही.

परदेशात असाल तर

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना डोनर्सचूज माहीत असेल. २००० साली न्यूयॉर्कमध्ये ब्राँक्समधल्या चार्ल्स बेस्ट नावाच्या शिक्षकानं सुरू केलं, तिथले सरकारी शाळेतले शिक्षक वर्गाला काय हवं ते लिहितात, लोक पैसे देतात, आणि संस्था शिक्षकाच्या हातात पैसे न देता सामान विकत घेऊन शाळेत पाठवते. तुमची मुलं तिथल्या शाळेत असतील तर तिथल्या शिक्षकांनाही द्या, तेही खिशातूनच आणतात.

गावच्या शाळेला पाठवायचं असेल तर पासपोर्ट बघा. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असाल तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. नागरिकत्व बदललं असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, तुमचा पैसा एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्यात विदेशी ठरतो, थेट शाळेच्या खात्यावर टाकू नका, एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेमार्फतच द्या. "भावाला पाठवतो, तो त्याच्या नावानं देईल" ही युक्ती मला चार जणांनी सांगितलीय. नका करू.

देण्याचा दिवस

जून. शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात, विदर्भात उन्हामुळं थोडं उशिरा. सामान त्याच्या आठवडाभर आधी पोचलं तर पहिल्या दिवशी पोरांच्या हातात नवी वही पडते. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला सगळेच येतात, त्या दिवशी जाऊ नका.

कार्यक्रम करू नका. हार, नारळ, शाल, मुलांना तासभर उन्हात बसवून भाषण, यात एक अख्खा शाळेचा दिवस जातो आणि शाल गुरुजींच्या खिशातून येते. सामान ऑफिसात उतरवा, बाई वर्गात वाटतील, सगळ्यांना सारखं. "फक्त गरीब मुलांना द्या" असं तर अजिबात म्हणू नका, वर्गात कोण गरीब हे हात वर करून ठरवायचं का? आणि मुलांचे चेहरे दिसणारे फोटो स्टेटसला टाकू नका, वह्यांच्या गठ्ठ्याचा फोटो पुरतो ग्रुपवर हिशोबाला.

हिशोब मात्र ग्रुपवर टाकाच. बिलाचा फोटो, पोचपावतीचा फोटो, उरलेले ८४ रुपये कुणाकडे आहेत ते. पुढच्या वर्षी वर्गणी गोळा करायला वेगळं बोलावं लागत नाही.

नंतर

खरा फोन नोव्हेंबरात करायचा, दिवाळीची सुट्टी संपून शाळा लागली की. काय संपलं, काय पडून आहे, काय चुकीचं आलं. पहिल्या वर्षी "सगळं छान आहे ताई" एवढंच ऐकू येईल, दुसऱ्या वर्षी बाई स्वतःहून सांगायला लागतात. आमच्या बाईंनी परवा व्हॉट्सअॅपवर यादी पाठवली, वहीच्या पानावर पेनानं लिहून, फोटो काढून. वर लिहिलंय, "गेल्या वेळच्या शार्पनरला धार नव्हती, यंदा दुसऱ्या कंपनीचे बघावेत." खाली भिंतीवरच्या घड्याळाचे सेल २, पहिलीला चौकडी वह्या ७ (एक मुलगी नवीन आलीय, वीटभट्टीवरची), खडू ४ बॉक्स, आणि खडूच्या पुढं कंसात, "तुम्ही आणताच."